ओल्या मातीची खोली

आमच्या मॅडमच्या दुकानात मातीची भिंत गुंडाळी करून मिळते. थापा मारत नाहीये. कागदावर छापलेली, हात फिरवला की जराशी खरखरीत लागणारी, मीटरवर विकायची. तिच्या जोडीला वेताचे दिवे, सुक्या भोपळ्यांच्या आणि बियांच्या माळा, गवताच्या चटया आणि पॉलिस्टरच्या पडद्यांवर धावणारी हरणं. ह्या सगळ्याला मिळून मॅडम 'आदिम शैली' म्हणतात. मी तिथे पडदे आणि उशांचे अभ्रे शिवते, अठरा वर्षं झाली. गिऱ्हाईक फारच शंका काढायला लागलं की मॅडम मला मशीनवरून उठवून पुढे आणतात आणि म्हणतात, "ही आमची बाई तिकडचीच आहे, डोंगरातली. हिला विचारा हवं तर." मी मान हलवते. गिऱ्हाईक मला वरपासून खालपर्यंत न्याहाळतं, एखादा दिवा न्याहाळावा तसं, आणि मग ऑर्डर देतं.

खरं तर मी डोंगरातून सातव्या वर्षीच खाली आले. मला शाळेसाठी आत्याकडे ठेवलं आणि ताई मागे राहिली, आईच्या हाताखाली, लग्न होईपर्यंत. त्यामुळे डोंगर सगळा तिच्या वाट्याला आला आणि माझ्या वाट्याला सात वर्षांच्या पोरीला आठवेल तेवढाच. आई गेली तेव्हा मी घराच्या मागच्या बाजूला पाण्याचा हंडा शोधत होते, तर ताई सगळ्यांसमोर म्हणाली, "तू बस गं. तुला काय माहीत कुठे काय असतं. पाहुणी तू." ती दमलेली होती, तिच्या मनात काही नसेल. पण मला ते इतकं लागलं की पुढे चार वर्षं मी तिच्याशी धड बोलले नाही.

आमचे हे फरशीला पॉलिश करायचे. आमची ओळखही अशाच एका रिकाम्या फ्लॅटमध्ये झाली. मी शिडीवर उभी राहून पडद्याच्या दांडीचं माप घेत होते आणि हे खाली मशीन फिरवत होते. मी खेकसले, "ती घरघर बंद करा, मला आकडे ऐकू येत नाहीत." ह्यांनी मशीन बंद केलं आणि म्हणाले, "आकडे कधीपासून बोलायला लागले?" तिथून सुरुवात झाली. लग्नानंतर हे मला डोंगरीण म्हणायचे. दुसऱ्या कुणी म्हटलं असतं तर मी त्याचं तोंड फोडलं असतं.

पाणी मारून घासलं तर दगडाची धूळ उडत नाही. पण पाण्याचे शिंतोडे नव्या रंगावर जातात, म्हणून मालक लोक भिंतीलगतच्या कडा कोरड्याच घासून घ्यायचे. बावीस वर्षं ह्यांनी कोरड्या कडा घासल्या. मग खोकला आला, मग जिना चढताना थांबणं आलं आणि शेवटी छातीचा फोटो आला. डॉक्टर मवाळ माणूस होता. त्याने फोटो उजेडात धरला आणि म्हणाला, "फुप्फुसांत दगडाची भुकटी बसलीय. ती निघायची नाही. आहे ते जपायचं. धूळ नको, धूर नको, ओल नको. नीट जपलंत तर दहा वर्षंसुद्धा निघतील." ह्यांना 'भुकटी' ऐकू आली. मला 'दहा वर्षं' ऐकू आली. ती मी तिथल्या तिथे पदराला बांधली आणि ठरवलं, ह्यातला एक दिवस मी कमी होऊ देणार नाही.

त्याच महिन्यात शेजारच्यांनी घर रंगवलं. त्या वासाने हे आठवडाभर असे खोकले की बरगड्या दुखायला लागल्या. मी आमच्या खोलीकडे नव्या नजरेने बघितलं. भिंतीला ऑइल पेंट, प्लायवूडचं कपाट, मॅडमनेच दिलेला नायलॉनचा उरलासुरला गालिचा. दुकानात तेव्हा मॅडमची नवी पुस्तिका आली होती. गुळगुळीत कागद, पहिल्याच पानावर मोठ्या अक्षरांत: नैसर्गिक साहित्याचं घर श्वास घेतं. मी ते वाचलं आणि मशीन थांबवून परत वाचलं. मला वाटलं, घरच जर श्वास घेणार असेल तर ह्यांना तेवढा कमी घ्यावा लागेल. हसायचं असेल तर हसा. ज्याचं माणूस रात्रंदिवस धापा टाकत असतं त्याला अक्कल गहाण टाकायला फार वेळ लागत नाही.

आणि दुसरंही होतंच, ते का लपवू? माझी हौस होती. मॅडमची ती कागदी भिंत बघून माझ्या तळपायाची आग मस्तकात जायची. म्हटलं, दाखवतेच आता खरी भिंत कशी असते. मी काही पाहुणी नाही.

शहराबाहेरच्या वीटभट्टीवरून चार पोती माती आणली. तीन मजले ती मीच चढवली, दोन-दोन पायऱ्यांवर टेकत. कोंबड्यांच्या खाद्याच्या दुकानातून भाताचं तूस आणलं. न्हाणीघरात प्लास्टिकच्या घमेल्यात माती भिजवून पायांनी तुडवली. गुळगुळीत भिंतीवर माती धरेना, म्हणून आधी भिंतीवर गोणपाट ठोकलं आणि त्याच्यावर माती थापली. छताला बांबूच्या पट्ट्या बांधून वर सुक्या गवताच्या पेंढ्या अंथरल्या. गालिचा फेकला आणि त्याच्या जागी चटया टाकल्या. रस्त्याची धूळ येऊ नये म्हणून खिडकीला वेताचा पडदा केला आणि त्याला आतून दुहेरी कापडाचं अस्तर शिवलं, एक फट म्हणून ठेवली नाही. माझं शिवणकाम चोख आहे, त्यात कुणी बोट ठेवून दाखवावं.

हे खाटेवर उशीला टेकून बघत बसायचे.

"आता दारात एक वाघ बांध, म्हणजे झालं," हे म्हणाले.

"तुम्ही आहात की."

"मी कसला वाघ. शिंकायची चोरी झालेलं मांजर मी."

पण त्यांना आवडलं होतं. मातीचा पहिला हात दिला त्या दिवशी त्यांनी भिंतीला गाल लावून बघितला आणि म्हणाले, "गार आहे गं." आयुष्यभर लोकांच्या फरशा चकचकीत केलेल्या माणसाने खडबडीत भिंतीला गाल लावला. मला भरून आलं, म्हणून मी मुद्दाम ओरडले, "सरका, डाग पडेल शर्टाला."

माती वाळली की तडे जायचे. मला पक्कं आठवत होतं की आमच्या घरी दर आठवड्याला लिंपण असायचं. आई आणि ताई वाकून हात फिरवायच्या, मी मध्येमध्ये लुडबुडायचे, ओल्या मातीत बोटं बुडवून मार खायचे. म्हणून दुकानाची सुट्टी आली की मी माती भिजवायचे आणि भिंत लिंपायचे. दर आठवड्याला, नेमाने, एकही सुट्टी चुकवली नाही. खोलीला कायम ओल्या मातीचा वास असायचा आणि मी आत पाऊल टाकलं की दुकानातला दिवसभराचा शीण उतरायचा. बाहेर पाऊस असो, थंडी असो, माझी भिंत ताजी असायची. गोणपाटाच्या कडेला कुठेकुठे करडे ठिपके दिसले. मला वाटलं, मातीतलेच असतील. त्यांच्यावर मी आणखी एक हात दिला.

सहा महिन्यांत ह्यांचं वजन उतरलं. आधी जिन्यात दोनदा थांबायचे, आता चारदा. डॉक्टरकडे नळीत फुंकायला लावायचे, तो आकडा दर वेळी खाली. डॉक्टर कपाळाला आठ्या घालून म्हणाला, "इतक्या भरभर खाली यायला नको होतं. घरात ओल वगैरे आहे का?"

मी तोंड उघडायच्या आत हेच म्हणाले, "छे हो, तिसरा मजला आमचा. कडकडीत कोरडा."

आणि मीही मान हलवली. खोटं बोलते आहे असं मला वाटलंच नाही. ओल म्हणजे गळकं छत, फुटका नळ. माती म्हणजे ओल हे माझ्या डोक्यातच नव्हतं. घरी येताना मी रिक्षात ह्यांचा हात धरून बसले आणि मनात म्हणत होते, छताला अजून गवत हवं, हवा आणखी शुद्ध होईल.

मग मी ताईला बोलावलं. ह्यांना बरं नाही हे निमित्त होतं. तिने माझी भिंत बघावी, हे खरं कारण होतं. चार वर्षांनी फोन केला तर ती एका शब्दाने काही बोलली नाही, दुसऱ्या दिवशी दुपारी पिशवी घेऊन दारात हजर. मी दार उघडून बाजूला झाले, म्हटलं आता बघू तोंडात बोट घालते की नाही.

ताई उंबऱ्यावरच थांबली. तिने भिंत बघितली नाही, छत बघितलं नाही. नाक वर करून वास घेतला.

"काय सडलंय गं?"

"सडतंय कशाला? माती आहे ती. आपल्या घरासारखी," मी म्हणाले.

ती आत आली, पिशवी खाली ठेवली आणि भिंतीला पंजा लावला. मग तळहात उलटा करून बघितला. "ओली कशी ही? कधी केलीस?"

"परवा. दर आठवड्याला करते. आई करायची तशी."

"आई जमीन लिंपायची दर आठवड्याला," ताई म्हणाली. "जमीन. भिंत वर्षातून एकदा, कडक उन्हाळ्यात, दारं उघडी टाकून. महिनाभर वाळायला द्यायची. आणि धूर कुठाय?"

"कसला धूर?"

"चुलीचा धूर. घरात दिवसभर धूर असायचा, तुला आठवत नाही? त्यानेच तर भिंत आणि छप्पर कोरडं राहायचं. किडा लागायचा नाही, बुरशी धरायची नाही. आईचे डोळे गेले त्या धुराने. तू लहान होतीस, तुला खोकला यायचा म्हणून तुला अंगणात निजवायचे."

मला अंगण आठवलं. चांदणं आठवलं. धूर आठवेना. माझ्या वाट्याचा डोंगर म्हणजे ओली माती आणि चांदणं, आणि त्याच्यावर मी ह्यांची दहा वर्षं लावली होती. मॅडमच्या कागदी भिंतीला नावं ठेवणारी मी, माझी भिंत तिच्याहून खोटी निघाली. आणि खरी केली असती तर? तर धूर लागला असता, आणि धुरात हे चार दिवससुद्धा टिकले नसते. म्हणजे मी जे घर ह्यांच्यासाठी बांधत होते त्यात ह्यांना जागा कधी नव्हतीच, कोणत्याच प्रकारे नव्हती.

ताईने भिंतीच्या खालच्या कोपऱ्यात नख घातलं. मातीचा पापुद्रा सुटला. खाली गोणपाट काळं झालं होतं, आणि त्यावर करडी लव, बोटभर. ती खाटेकडे वळली. "भावोजी, तुम्हाला इथे श्वास कसा येतो?"

हे हसल्यासारखं करून म्हणाले, "दुपारचा मी जिन्यात असतो, ताई."

"म्हणजे?" मी विचारलं.

हे माझ्याकडे बघेनात. "तू दुकानात गेलीस की बसतो दुसऱ्या मजल्याच्या वळणावर. तिथे वारा असतो. तू यायच्या आधी वर येतो. चढायला वेळ लागतो जरा, म्हणून लवकर निघतो."

"कधीपासून?"

"असेल, तीनेक महिने."

"तुम्हाला कळलं होतं?"

"छातीला कळतं गं. बाहेर गेलं की मोकळं, आत आलं की आवळल्यासारखं. त्याला काय डॉक्टर लागतो?"

इथवर जे झालं ते अडाणीपणाने झालं. ते मी कदाचित कधीतरी स्वतःला माफ केलं असतं. पुढचं जे केलं ते मी रागाने केलं. राग कुणावर, ते सांगता यायचं नाही. ताईवर होता, ती नेहमीच बरोबर असते म्हणून. ह्यांच्यावर होता, मूग गिळून बसले म्हणून. ताई म्हणत होती, "आधी ह्यांना खाली नेऊ, मग आपण दोघी मिळून काढू, तोंडाला फडकं बांधून, पाणी शिंपडून." हे म्हणत होते, "उद्या कर गं, घाई काय आहे?" मला एक शब्द ऐकायचा नव्हता. ती भिंत मला तिथे आणखी एक क्षण नको होती. मी स्टुलावर चढले, छताच्या पट्टीला दोन्ही हातांनी धरलं आणि खेचलं.

गवत एकदम खाली आलं. सहा महिने बंद खोलीत ओल पिऊन वर वाळलेलं गवत. त्यातून करड्या भुकटीचा एवढा लोट उठला की समोरची खिडकी दिसेनाशी झाली. मी थांबले नाही. गोणपाटाची कड धरून भिंतीवरून ओढलं, टराटरा, मातीची ढेकळं चटईवर फुटली. मागून हे खोकत होते, ताई ओरडत होती, "अगं, ते आत आहेत! आत आहेत ते!" ते मला ऐकू आलं होतं. आणि तरी मी आणखी एक पट्टी ओढली.

मग ह्यांचा खोकला थांबला. मी वळले तेव्हा हे खाटेच्या कडेला बसले होते, दोन्ही हात गुडघ्यांवर टेकून, तोंड उघडं, आणि छाती नुसती हलत होती. आवाज काहीच नव्हता. ताईने त्यांना काखेत धरून ओढत जिन्यात नेलं. ज्या वळणावर हे रोज बसायचे तिथेच बसवलं. खालच्या मजल्यावरची बाई पाणी घेऊन आली आणि म्हणाली, "आज उशिरा आलात हो खाली."

दवाखान्यात दोन दिवस ह्यांच्या तोंडावर प्राणवायूचा मुखवटा होता. तोच मवाळ डॉक्टर आला, त्याने मला बाहेर बोलावून घरात काय काय होतं ते विचारलं. मी सगळं सांगितलं. माती, तूस, गोणपाट, गवत, चटया, शिवून बंद केलेली खिडकी. तो लिहीत होता, तो मध्येच लिहायचा थांबला. त्याने मला बोल लावला असता तर बरं झालं असतं. त्याने फक्त पेनाचं टोपण लावलं आणि म्हणाला, "त्यांच्यापाशी बसा आता."

मी बसले. ताई पायाशी उभी होती. ह्यांचे डोळे उघडे होते, नखं निळसर झाली होती. बोटांच्या पेरांत अजून दगडाची पांढरी रेघ होती, ती कधीच निघाली नव्हती. मी रडत नव्हते. मला एकच हवं होतं, ह्यांनी मला एकदा तरी शिव्या द्याव्यात. मोठमोठ्याने म्हणावं, तू मारलंस मला. म्हणजे मला निदान हो म्हणता आलं असतं.

"का नाही बोललात?" मी विचारलं. "एका शब्दाने म्हणाला असतात, तर त्याच दिवशी उपटून टाकलं असतं सगळं. का नाही बोललात?"

ह्यांनी मुखवटा एका बाजूला सरकवला. एकेका शब्दाला थांबत म्हणाले, "लिंपताना तू गाणं म्हणायचीस. सुट्टीच्या दिवशी. इतक्या वर्षांत कधी ऐकलं नव्हतं. म्हटलं, म्हणू दे."

मी गात होते, हे मला माहीतच नव्हतं. कोणतं गाणं, तेही ठाऊक नाही. मी ताईकडे बघितलं, तर ती भिंतीकडे तोंड करून उभी होती.

आणि माझा राग, तो मेला कधी सोडायचाच नाही मला, तो पुन्हा उसळला. मी ह्यांच्या तोंडावर मुखवटा दाबून बसवला आणि ओरडले, "अक्कल आहे का तुम्हाला? गाण्यासाठी कुणी असं करतं का? वेडे आहात का तुम्ही? गप्प राहा आता, अगदी गप्प राहा, एक शब्द बोलू नका माझ्याशी."

ह्यांनी मान हलवली, बरं म्हणून. आणि ते पुन्हा कधीच बोलले नाहीत.